बँकॉकमध्ये मराठी घर चालवताना: बाजारहाटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होऊन नव्याने आलेल्या घरांतून मला फोन येतात, तेव्हा नोकरीबद्दल किंवा शाळेबद्दल फार कोणी विचारत नाही. विचारणा असते ती कोथिंबिरीची, साबुदाण्याची, दुधाची. आम्ही चौघं अकरा वर्षं ऑन नुत भागात राहतो आहोत. एवढ्या काळात जी उत्तरं पुन्हा पुन्हा दिली, ती इथे एकत्र करून ठेवते आहे.

भारतातून निघताना बॅगेत काय भरू?

काय भरू नये ते आधी सांगते. तूरडाळ, कणीक, पोहे, साबुदाणा, रवा, हिंग, लोणची हे सगळं इथे मिळतं. त्यात वजन घालवू नका. आपल्या हातचा गोडा मसाला, कोकणातली आमसुलं, भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ मात्र जरूर आणा. ताजी फळं, भाज्या आणि रोपं परवान्याशिवाय आणता येत नाहीत, त्यामुळे कढीपत्त्याचं रोप घरीच राहू द्या.

भांड्यांचं म्हणाल, तर इथल्या बऱ्याच उंच इमारतींत गॅस सिलिंडर ठेवू देत नाहीत. शेगडी विजेची किंवा इंडक्शनची असते. म्हणून इंडक्शनवर चालेल अशा बुडाचा कुकर, त्याच्या दोन जादा रिंगा, एक शिट्टी, लोखंडी तवा आणि मोदकपात्र आणा. वीज आपल्यासारखीच 220 व्होल्टची आहे, पण आपला जाड तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मिक्सरसाठी चांगला अडॅप्टर लागेल.

घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हे सगळ्यात आधी बघा. बंद खोलीत रोज फोडणी द्यायची म्हणजे पडद्यांना मोहरीचा वास कायमचा बसतो.

भारतीय किराणा कुठे मिळेल?

फाहुरातला. आपली मंडळी पाहुरात म्हणतात. चक्रफेत रस्ता, इंडिया एम्पोरियम ही इमारत आणि सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा, या तिन्हींच्या मधल्या गल्ल्यांत डाळी, मसाले, पूजेचं सामान, साड्या, बांगड्या, मिठाई असं सगळं आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर साम योत स्टेशनला उतरलात की थोडंच चालावं लागतं. सुखुमवित या मोठ्या रस्त्याच्या आसपासही भारतीय दुकानं आहेत आणि ती घरपोच सामान देतात, पण महिन्याचा मोठा किराणा मी अजूनही फाहुरातलाच जाऊन भरते. डाळ हातात घेऊन बघता येते आणि दुकानदाराशी चार शब्द बोलणं होतं.

या रस्त्याला राजा चुलालाँगकॉर्न यांच्या मुलीचं नाव आहे. ती आठ वर्षांची असताना वारली आणि तिच्या मालमत्तेतून हा रस्ता बांधला गेला. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तीही आठच वर्षांची होती. तेव्हापासून आमच्या घरी त्या बाजाराचं नाव ‘राजकन्येचा बाजार’ असंच आहे.

मुलांना घेऊन फाहुरातला जायचं तर दिवस कसा आखावा?

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत निघा. आधी किराण्याची यादी दुकानात द्या, वजनं करून बांधून ठेवायला सांगा आणि मोकळ्या हातांनी पुढे जा. शेजारीच सांफेंगची गल्ली आहे. चिनी वस्तीतली ही जुनी, लांब आणि इतकी अरुंद गल्ली आहे की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या दुकानांना लागतील. रिबिनी, मणी, पिशव्या, वह्या, वाढदिवसाच्या भेटी असं सगळं घाऊक मिळतं. त्याच गल्लीतून मालाच्या हातगाड्या आणि मोटरसायकलीही जातात. बाबागाडी अजिबात नेऊ नका. लहान मूल कडेवर किंवा पोटाशी बांधलेलं, आणि मोठ्याचा हात घट्ट धरलेला.

दुपारी परत फाहुरातला येऊन जेवायचं, सामान उचलायचं आणि टॅक्सीने घरी. टॅक्सीचं मीटर 35 बातपासून सुरू होतं. बसण्याआधी मीटर टाकायला सांगा. टोलच्या रस्त्याने गेलात तर टोल आपण द्यायचा असतो.

रोजची भाजी सुपरमार्केटमधून घ्यावी की बाजारातून?

बाजारातून, म्हणजे इथल्या भाषेत ‘तलात’मधून. या एका गोष्टीचा मी सगळ्यांकडे आग्रह धरते. पहिले आठ महिने मीही थंडगार सुपरमार्केटमध्येच जात होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार भेंडी आणि दोन गाजरं आणायची, आणि इथे काही मिळत नाही म्हणून घरी फोनवर सांगायचं. मग शेजारच्या बाईंनी एका पहाटे मला सोबत नेलं. शेवग्याच्या शेंगा, कारली, दुधी, लाल भोपळा, केळफूल, फणस, कच्ची पपई, ओली हळद, आलं, केळीची पानं, सगळं ओळखीचं समोर मांडलेलं होतं. कोकणातल्या माणसाला तर घरीच आल्यासारखं वाटेल.

कोथिंबीर इथे मुळांसकट विकतात, कारण थाई वाटणात मूळच महत्त्वाचं. मुळं फेकू नका, हिरव्या चटणीत वाटून बघा. मेथीची भाजी मात्र क्वचित दिसते. त्यासाठी फाहुरातचे मेथीदाणे रात्रभर भिजवून बाल्कनीतल्या कुंडीत पेरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब येतात.

नारळाची गोष्ट जरा सविस्तर सांगते. आमच्या तलातमध्ये नारळवाल्या पा, म्हणजे मावशी, कोयत्याच्या पाठीने नारळ फिरवत फिरवत फोडतात, करवंटी वेगळी करतात आणि विचारतात, पांढरा हवा की सालीसकट? पांढरा हवा असेल तर तपकिरी साल तासून काढतात, मग यंत्रात घालून क्षणात चव हातात. मोदकासाठी आणि नारळीभातासाठी पांढरा घ्यायचा, आमटीच्या वाटणाला सालीसकट चालतो. रस हवा असेल तर तोही दाबून देतात. पहिला दाट रस म्हणजे ‘हुआ काथी’, दुसरा पातळ रस म्हणजे ‘हांग काथी’. हुआ म्हणजे डोकं, हांग म्हणजे शेपूट. मी सोलकढीसाठी दोन्ही घेते.

मोठा बाजार बघायचा असेल तर ख्लोंग तोई. जमीन ओली असते, पाय झाकणाऱ्या चपला घाला. उत्तम फळं हवी असतील तर चतुचक बाजारासमोरचा ओर तोर कोर बाजार. तिथे भाव चढे आहेत, पण पाहुण्यांसाठी आंबे घ्यायचे असतील तर मी तिथेच जाते.

भाव कसे विचारायचे? भाषा येत नाही.

आकडे एका संध्याकाळी पाठ होतात: नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. वीस म्हणजे यी-सिप, शंभर म्हणजे रोय. ‘थाओराय’ म्हणजे कितीला. वाक्याच्या शेवटी बाईने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्रप’ लावलं की बोलणं आदराचं होतं.

वजनात एक खुबी आहे. ‘खीत’ म्हणजे 100 ग्रॅम. पाटीवर भाव स्वस्त दिसला तर तो किलोचा आहे की खीतचा, हे आधी विचारा. लसूण, मिरच्या, सुकी कोळंबी बऱ्याचदा खीतवर विकतात.

हाक मारताना नात्याने मारा. आईपेक्षा मोठ्या वाटणाऱ्या बाईला ‘पा’, म्हणजे आपली मावशी. आपल्याहून थोड्या मोठ्या बाईला किंवा पुरुषाला ‘फी’, म्हणजे ताई किंवा दादा. लहान असेल तर ‘नोंग’. मंडईत आपण ‘मावशी, वांगी कशी दिली’ म्हणतो, तितकंच सहज. घासाघीस तलातमध्ये फार होत नाही आणि करूही नये. ओळख झाली की पा स्वतःच वर मूठभर मिरच्या टाकतात. त्याला इथे ‘थेम’ म्हणतात.

आणखी एक दिलासा. मराठी माणसाच्या जिभेला क-ख, त-थ, प-फ हे फरक आधीच येतात आणि थाईमध्ये त्यांवाचून चालत नाही. ‘फेत’ म्हणजे तिखट आणि ‘पेत’ म्हणजे बदक. (फ ओठ मिटून, ‘फळ’मधल्यासारखा.) माझ्या ऑफिसमधल्या युरोपीय मैत्रिणींना हा फरक वर्षानुवर्षं जमत नाही, आपल्याला पहिल्या दिवशी जमतो. स्वरांची चढउतार मात्र ऐकून ऐकूनच येते.

आम्ही शाकाहारी आहोत. बाहेर जेवता येईल का?

येईल, पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. माशाचं पाणी, म्हणजे ‘नाम पला’, इथे मिठासारखं वापरतात. पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबी असते, परतलेल्या भाज्यांत शिंपल्यांचा सॉस असतो. खात्रीचा शब्द ‘चे’. काही जण जे असाही उच्चार करतात. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं दिसतील, ती आपल्या डोळ्यांना इंग्रजी 17 सारखी दिसतात. मुलांना ‘17 शोधा’ म्हणून सांगितलं की ती आपल्याआधी दुकान शोधतात. चे अन्नात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंना मी निर्धास्तपणे तिथे नेते.

दर वर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस चे पाळण्याचा उत्सव असतो आणि गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. अनेक वर्षी तो आपल्या नवरात्राबरोबरच येतो. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरलाच सुरू झाले होते. आमच्या मजल्यावरच्या चिनी वंशाच्या आजी आणि मी तेव्हा एकमेकींना डबे दिले. त्यांचा तळलेला टोफू, माझी भोपळ्याची भाजी.

इथला साबुदाणा खिचडीला चालतो का?

नाही. इथे ‘साखू’ नावाने जे मोती मिळतात ते दिसायला अगदी साबुदाण्यासारखे असतात. मी पहिल्या एकादशीला ते रात्री भिजवले आणि सकाळी भांड्यात पांढरी खळ झाली होती. पाण्यात ते विरघळतात. उकळत्या पाण्यात थेट घालून खीर छान होते, पण खिचडीसाठी साबुदाणा फाहुरातचाच घ्या. दाण्याच्या कुटासाठी इथले शेंगदाणे उत्तम, त्यांना ‘थुआ लिसोंग’ म्हणतात.

मुगाची सालं काढलेली डाळ कुठल्याही थाई दुकानात मिळते, कारण ती इथल्या मिठाईत वापरतात. ‘थुआ थोंग’ म्हणा, म्हणजे सोनेरी कडधान्य. खिचडीसाठी मी दुसरी कुठली डाळ घेतच नाही.

आमसुलं संपली तर ‘सोम खेक’ शोधा. दक्षिणेकडच्या आंबट कालवणात घालतात ते हे वाळवलेले काप, कोकमाचंच भावंड. सोलकढीचा रंग येणार नाही, माशाच्या आमटीला मात्र आंबटपणा बरोबर येतो.

मासे कुठले ओळखीचे मिळतील?

बांगड्याच्या जातीचा ‘पला थू’ हा इथला घरोघरचा मासा. बांबूच्या गोल टोपल्यांत, माना वाकवून बसवलेले दिसतात ते उकडलेले. आपल्या तिखल्याला कच्चे ताजे मागा. सुरमई म्हणजे ‘पला इन्सी’, पापलेट म्हणजे ‘पला चारामेत’, कोळंबी म्हणजे ‘कुंग’. पहाटे गेलात तर मासा ताजा मिळतो. तिथेच साफ करूनही देतात.

पाकिटावर तारखेत 69 लिहिलंय. हे काय?

ते वर्ष आहे. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतं आणि ते इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे आहे. 2026 म्हणजे 2569, आणि पाकिटावर त्याचे शेवटचे दोन आकडे. काही मालावर इसवी सनही असतं, त्यामुळे दोन्ही डोक्यात ठेवून वाचा. भाडेकरार, वीजबिल, लसीकरणाचं कार्ड, सगळीकडे हाच हिशेब.

दूध आणि दही?

दुधाच्या बाटलीवर चव लिहिलेली असते. ‘रोत चुएत’ म्हणजे साधं, ‘रोत वान’ म्हणजे गोड. पहिल्या महिन्यात आमच्या चहात दोनदा साखर पडली, तेव्हा हे कळलं. दह्याच्या डब्यात बहुधा साखर असते, नैसर्गिक चवीचं म्हणून विकतात त्यातही. एकदा बिनसाखरेचं दही आणून विरजण करा आणि मग घरीच लावत राहा. इथल्या उकाड्यात पाच-सहा तासांत घट्ट लागतं.

सुपरमार्केट आणि मॉल कधी उपयोगी पडतात?

तेल, साबण, डायपर यांचा मोठा साठा माक्रो या घाऊक दुकानातून घ्या. बिग सी आणि लोटस्स रोजच्या वापराला बरे. मुलांचे कपडे प्रतुनामच्या कपडेबाजारात घ्या. तिथे बऱ्याच दुकानांत तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो. फर्निचरसाठी बांग नाचं आयकिया. चतुचक शनिवार-रविवारी. हजारो दुकानं आहेत, त्यामुळे एखादी वस्तू आवडली तर तिथेच घ्या, तेच दुकान पुन्हा सापडत नाही. भर पावसात मुलांना कुठे न्यायचं, तर आयकॉनसियामच्या तळमजल्यावर. तिथे मॉलच्या आत पाण्यावरचा बाजार मांडला आहे.

1 जानेवारी 2020 पासून मोठ्या दुकानांनी फुकट प्लास्टिक पिशव्या देणं बंद केलं आहे. आपली कापडी पिशवी खांद्याला असू द्या.

पैसे कसे द्यायचे?

बँकेत खातं उघडलं की क्यूआरने. भाजीच्या टोपलीपाशीसुद्धा तो कागद लावलेला असतो. तोवर सुटे बाळगा. हजाराची नोट सकाळी सकाळी पांकडे देऊ नका. नोटेवर आणि नाण्यावर राजाचं चित्र असतं, त्यामुळे घरंगळणारं नाणं पायाने अडवू नये. मुलांना हे पहिल्याच आठवड्यात सांगा.

गणपती-दसऱ्याची खरेदी होते का?

अगदी मनासारखी होते. गणपती इथे ‘फ्रा फिकनेत’ नावाने घराघरांत, दुकानांत पुजला जातो. फाहुरातला मूर्ती, समया, कापूर, उदबत्त्या मिळतात. फुलांसाठी पाक ख्लोंग तलात. हा फुलबाजार रात्रंदिवस चालू असतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री मी मुलांना घेऊन जाते. झेंडूच्या फुलांचे डोंगर, कमळाच्या कळ्या, मोगऱ्यासारख्या कळ्यांचे गजरे, ओल्या पोत्यांचा वास. झेंडू इथेही शुभ मानतात, आणि त्याच्या नावातही सोनं आणि भरभराट ऐकू येते.

उकडीच्या मोदकांना ‘पेंग खाव चाव’ घ्या, ही साध्या तांदळाची पिठी. ‘पेंग खाव निआव’ ही चिकट तांदळाची, तिची पारी हाताला चिकटून बसते. साध्या पिठीत चमचाभर चिकट पिठी घातली तर कळ्या न फुटता येतात. सारणाला गूळ संपला तर इथली ताडाची साखर घ्या, चव खमंग येते. आणि ‘खनोम तोम’ नावाचा इथला लाडू एकदा खाऊन बघाच. आत नारळ आणि ताडगुळाचं सारण, बाहेर चिकट पिठाची पारी. थाई लोक तो देवाच्या नैवेद्यातही ठेवतात. मी प्रथम खाल्ला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

विसर्जन ख्लोंगमध्ये, म्हणजे इथल्या कालव्यात, करू नका. शाडूची लहान मूर्ती, घरी बादलीत. पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला.

मुलं बाजारात कंटाळत नाहीत का?

काम दिलं तर नाही. धाकट्याकडे आमच्याकडे लिंबं आणि मोजणी असते, मोठीकडे भाव विचारणं. वारही तिथेच शिकवले: वान आथित, वान चान, वान आंगखान, वान फुत. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध असं सांगितल्यावर मोठीने पुढचे स्वतःच ओळखले, शुक्रवारचा ‘सुक’ आणि शनिवारचा ‘साव’. एप्रिलच्या 13 तारखेला येणारा सोंगक्रान म्हणजे आपलाच संक्रांत हा शब्द. त्या दिवसांत लहान दुकानं बंद असतात, भाजी आधीच भरा.

सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगा.

सलग 90 दिवस राहिलात की पत्त्याची नोंद, आणि पुढे दर 90 दिवसांनी. नव्या घरात गेल्यावर घरमालकाने तुमची नोंद 24 तासांत करायची असते, त्याची प्रत मागून घ्या. मुदत असलेल्या व्हिसावर देशाबाहेर जाताना परत येण्याचा परवाना आधी काढा, नाहीतर व्हिसाच रद्द होतो. आपला दूतावास सुखुमवित सोई 23 मध्ये आहे (सोई म्हणजे गल्ली). सुखुमवितला विषम सोई एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला असतात, हे लक्षात ठेवलंत तर चालणं वाचेल.

आईबाबा येणार आहेत. काय तयारी करू?

1 मे 2025 पासून येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे आणि येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. तुम्हीच भरून प्रिंट त्यांना पाठवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात आणायला सांगा. रुग्णवाहिकेचा क्रमांक 1669, पोलिसांचा 191. दोन्ही त्यांच्या फोनमध्ये घाला आणि घराचा पत्ता थाई लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात द्या.

मग एका पहाटे त्यांना तलातला घेऊन जा. माझी आई चिपळूणची. तिला एकही थाई शब्द येत नव्हता. तिने नारळ कानाशी धरून हलवला, पाणी वाजतंय का ते ऐकलं आणि बाजूला ठेवला. नारळवाल्या पांनी तोच उचलला, स्वतःच्या कानाशी हलवला, मान डोलावली आणि टोपलीच्या तळातून दुसरा काढून तिच्या हातात दिला.